राण्यांच्या संसाराविषयी गावात कसे बोलावे

गावच्या वाचनालयात किंवा बचत गटाच्या बैठकीत राज्यकर्त्या राण्यांच्या संसाराविषयी बोलायचे असेल, तर सुरुवात लंडनपासून न करता आपल्या चंद्रपूरपासून करावी. गोंड राजा बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहाच्या नावे राज्यकारभार सांभाळला आणि पतीची समाधी बांधवली. अचलेश्वर मंदिराजवळची ती समाधी आधी स्वतः पाहून यावी, तिच्या दगडावर हात ठेवावा, मगच बोलावे.

पुढे व्हिक्टोरियाकडे वळावे. राज्य करणाऱ्या राणीला मागणी घालण्याचा रिवाज नसल्यामुळे १८३९ मध्ये तिनेच अल्बर्टला लग्नाचे विचारले, १८४० मध्ये विवाह झाला, नऊ अपत्ये झाली, आणि १८६१ मध्ये तो गेल्यावर १९०१ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिने शोकाची काळी वस्त्रे सोडली नाहीत. येथे घाई करू नये, कारण दिवसभर कापूस वेचून आलेल्या ज्या बाया समोर बसतात, त्यांच्यापैकी काहींचे कुंकू ऐन तरुणपणी पुसले गेलेले असते. पहिल्या एलिझाबेथने लग्नच केले नाही, एवढे सांगणे पुरेसे आहे. राण्यांच्या प्रेमप्रकरणांच्या ऐकीव गोष्टी कोणी काढल्यास पत्रांचा किंवा दप्तराचा आधार विचारावा, आणि तो नसेल तर विषय नम्रपणे थांबवावा.