आधी रिकामी टाकी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी विषय घेतला: पोहणारे जीव समुद्रातल्या पाण्याचे कमी-जास्त खारे, गार-उबदार थर एकमेकांत मिसळतात का? मी भौतिकशास्त्राचा, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेलं. ते नडलं नाही. नडली घाई.

फिशटँकच्या दुकानात आर्टेमिया या कोळंबीसारख्या इवल्या जीवाची सुकी अंडी मिळतात. खाऱ्या पाण्यात हवेचा पंप लावून ठेवली की दीडेक दिवसात फुटतात. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणजे दिवा दाखवून थवा वर नेता येतो. मी टाकीत खाली जास्त खारं, वर कमी खारं पाणी भरलं, मधे रंग सोडला, वरच्या कोपऱ्यात दिवा लावला. तासाभरात रंग पसरला. मी जाम खूश. सरांनी एवढंच विचारलं, "पिल्लं नसताना पसरत नाही ना?"

ते बघितलंच नव्हतं! दिवा काचेला टेकलेला होता. तापलेल्या काचेलगतचं पाणी वर चढायचं आणि रिकाम्या, म्हणजे पिल्लं न सोडलेल्या, टाकीतही रंग पसरायचा. तीन आठवडे पाण्यात. म्हणून पहिला प्रयोग रिकाम्या टाकीचा करा, आणि दिवा एलईडीचा, तोही लांब ठेवून.

दुसरी गोष्ट वाचनाची. मी २००९चा कातिजा आणि दाबिरी या संशोधकांचा पेपर आधी वाचला आणि भारावलो. पोहणारा जीव आपल्याबरोबर थोडं पाणी ओढत नेतो, हे त्यांनी पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरच्या तळ्यातल्या जेलीफिशजवळ रंग सोडून दाखवलं होतं. तुम्ही मात्र त्याआधी व्हिसर या संशोधकाचं २००७चं छोटं टिपण वाचा. ढवळणं म्हणजे मिसळणं नव्हे, हा त्याचा मुद्दा. इवल्या जीवाचे भोवरे इतके बारीक की थर मिसळण्याआधीच पाण्याच्या चिकटपणात विरतात, ऊर्जेची नुसती उष्णता होते. मग २०१८चा स्टॅनफर्ड विद्यापीठाचा आर्टेमियाचा प्रयोग घ्या: अख्खा थवा एकदम वर निघाला की प्रवाह एकेका पिल्लाच्या आकाराचा राहत नाही, थव्याएवढा होतो. वादाची गंमत या क्रमाने वाचलं तरच कळते.

भोवरा केवढा आणि थर किती जाड, हे गणित मला उशिरा उमगलं, तेही स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावरच्या २०२२च्या पेपरमुळे. तिथल्या खाडीत रोज रात्री पाण्यातली खळबळ वादळासारखी वाढायची. जाळीत अँकोव्ही या छोट्या माशांची अंडी सापडली, तेव्हा उलगडा झाला: मासे अंडी घालायला थव्याने येत होते. बोटभर माशांचे भोवरे छोटेच, पण किनाऱ्याजवळ काही मीटरांतच तापमान झपाट्याने बदलतं, म्हणून तेवढे भोवरेही तिथे पुरतात. खुल्या समुद्रात तोच बदल दहापट जाड थरात पसरलेला असतो.