घर बदललंत ना, मग मतदार यादीतलं नाव पण हलवा

ठाणे-नवी मुंबईत भाड्याने राहणारे आपण ११ महिन्यांचा करार संपला की सामान उचलतो, गॅस, वायफाय, मुलांची शाळा सगळं बदलून घेतो आणि मतदार यादीतलं नाव तेवढं जुन्याच पत्त्यावर राहतं. मतदानाच्या दिवशी तिकडे कोण जाणार म्हणून मत बुडतं. प्लीज असं करू नका, हे काम फुकट आहे आणि मोबाईलवर होतं.

आधी निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर वोटर आयडीचा नंबर टाकून नाव शोधा, मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक सगळं दिसतं. कार्ड कपाटात आहे म्हणून निवांत राहू नका, यादीत नाव नसेल तर नुसत्या कार्डावर मत देता येत नाही. नेट जमत नसेल तर १९५० ला फोन लावा.

पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा. फॉर्म ६ नाही, तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांचा, आणि खूप लोक इथेच गडबडतात मग दोन ठिकाणी नाव लागतं, जे कायद्याला चालत नाही. सोबत नव्या पत्त्याचं वीजबिल, पासबुक, आधार किंवा रजिस्टर केलेला भाडेकरार यातलं काहीतरी जोडा. रेफरन्स नंबर जपून ठेवा, त्यावरून अर्ज कुठवर आलाय ते कळतं, आणि बीएलओ (तुमच्या भागाची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी) चौकशीला आले तर वॉचमनला सांगून ठेवा की त्यांना वर पाठव.

जवळच तर गेलोय, काय फरक पडतो असं म्हणू नका. ऐरोली ठाणे लोकसभेत आणि खारघर पनवेल विधानसभेत म्हणजे मावळ लोकसभेत, २०२४ ला तर मावळचं मतदान १३ मेला झालं आणि ठाण्याचं २० मेला. कळव्याचं अजून वेगळं, महापालिका ठाण्याची पण लोकसभा कल्याणची.

आणि हे निवडणूक लागायच्या आधी करा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. महापालिकेला यादी बरीच आधीची धरतात, १५ जानेवारी २०२६ च्या मतदानाला १ जुलै २०२५ ची यादी होती, त्यानंतर नाव हलवलेल्यांना त्याचा उपयोग नव्हता. नवी मुंबईत मे २०२० पासून तोवर नगरसेवकच नव्हते, इतक्या वर्षांनी आलेलं मत असं जायला नको होतं.

मतदानाला जाताना ओळखपत्र न्या, वोटर आयडी नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट चालतं. नुसती वोटर स्लिप चालत नाही. महापालिकेला बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, चारही मतं द्यायची, एखाद्या जागेला कुणीच पटलं नाही तर तिथे नोटा दाबा पण मशीन अर्धवट सोडून बाहेर येऊ नका. वेळ संपताना रांगेत असाल तर थांबा, तेव्हा रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देता येतं.

आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेलंय असं सांगितलं तर तसेच परत फिरू नका. मतदान केंद्राध्यक्षांना भेटा, ओळख पटवा आणि टेंडर व्होट मागा, ते मशीनवर नाही तर कागदी मतपत्रिकेवर होतं आणि वेगळ्या पाकिटात ठेवतात.