‘पायरेट’ हा शब्द मुलांना शिकवायचा तर

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना ‘पायरेट’, म्हणजे समुद्रावरचा लुटारू, भेटतो तो समुद्रावर नाही, मोबाइलवर. “बाई, पायरेटेड म्हणजे फुकट उतरवलेला पिक्चर न्हवं काय?” हा प्रश्न येतोच. तिथूनच सुरुवात करा, तो अर्थ खोडू नका. दुसऱ्याचं पुस्तक परवानगीवाचून छापणाऱ्याला इंग्रजीत सतराव्या शतकातच पायरेट म्हणू लागले होते.

मग फळ्यावर कन्नड शब्द लिहा: कडलगळ्ळ. आमची मुलं दोन्ही भाषांत वाढतात, त्यांनाच तो फोडू द्या. कडलु म्हणजे समुद्र, कळ्ळ म्हणजे चोर. जोडताना ‘क’चा ‘ग’ झाला. हे त्यांना सापडतं तेव्हा वर्गात जो आनंद पसरतो, त्यासाठी मी हा धडा दरवर्षी घेते. मराठीतला ‘चाचा’ सांगताना मात्र ‘चाचे’, ‘चाचेगिरी’ ही रूपं आधी वापरा, नाहीतर मुलांना शेजारचे काका आठवतात.

आता इंग्रजी शब्दाचं मूळ. ग्रीकमध्ये ‘पेइरान’ म्हणजे प्रयत्न करणं, चाल करून जाणं. त्यावरून ‘पेइरातेस’, मग लॅटिन ‘पिराता’. कन्नड शब्दात चोर उघड दिसतो. ग्रीक मुळात चोरी नाही, धाडस आहे. अनुभवाच्या कसोटीवर टिकणाऱ्या गोष्टीला विज्ञानात ‘एम्पिरिकल’ म्हणतात, तोही याच कुळातला. ‘बकनियर’ निघालाच तर थोडक्यात सांगा: कॅरिबियनमधल्या हिस्पॅनियोला बेटावर मांस धुरावर सुकवणारे शिकारी, त्या सुकवण्याच्या चौकटीवरून पडलेलं नाव.

खरा वेळ द्यायचा तो कान्होजी आंग्र्यांना. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत ते पायरेट. आपल्याकडे ते सरखेल, मराठा आरमाराचे प्रमुख. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी शाहू महाराजांच्या वतीने त्यांच्याशी तह केला. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा परवाना घ्यावा, ही त्यांची मागणी होती. पोर्तुगीजही ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीने घ्यायला लावत आणि तो नसलेली जहाजं पकडत. त्यांना मात्र इंग्रज पायरेट म्हणत नसत. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून त्यांच्या अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हरले. हे सगळं सांगून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: हा शब्द कोण, कुणाला म्हणतंय? पाठ्यपुस्तकात कान्होजींबद्दल दोन ओळी असोत वा नसोत, आपल्या मुलांनी हा प्रश्न विचारायला शिकलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

उलटी बाजूही दाखवा, नाहीतर धडा नुसत्या अभिमानाचा होतो. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेकला स्पॅनिश लोक पायरेट मानत. इंग्लंडच्या राणीने त्याला 1581 मध्ये ‘सर’ केलं.

शेवटी मोजपट्टी द्या. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम 101 सांगतं की चाचेगिरी म्हणजे खासगी जहाजावरच्या लोकांनी खासगी हेतूने, खुल्या समुद्रात दुसऱ्या जहाजावर केलेली हिंसा किंवा लूट. जुन्या काळातल्या माणसांना हा कायदा लागू होत नाही हे स्पष्ट सांगा, आणि मग वर्गाचे दोन गट करून कान्होजी व ड्रेक दोघांनाही या पट्टीवर मोजायला लावा. एका तासिकेत हे होत नाही, वादासाठी दुसरी राखून ठेवा.