इम्पीरियल व्हॅलीतल्या सिंगांचा माग काढायचाय? मग आधी आजी शोधा

सॅन डिएगोहून इंटरस्टेट 8 महामार्गाने पूर्वेला डोंगर उतरलं की कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीतलं एल सेंट्रो लागतं. गाव समुद्रसपाटीच्याही खाली, मेक्सिकोची हद्द हाकेच्या अंतरावर. 1901 मध्ये कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने या वाळवंटात आलं आणि कापूस, खरबूज पिकवायला कुठून कुठून माणसं आली. त्यांत जालंधर-होशियारपूरकडचे शेतकरीही होते. 1917 च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने गावाकडून कुणाला आणायची वाट बंद झाली. बऱ्याच जणांनी इथल्या मेक्सिकन मुलींशी संसार थाटले. या घराण्यांचा शोध कसा घ्यायचा, असं पंजाबी मैत्रिणी मला विचारत राहतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सुरुवात आजोबांपासून करूच नका. खोऱ्यात सिंगांचा सुकाळ, त्यात कारकुनाला ऐकू येईल ते स्पेलिंग. शिवाय घरीदारी इंदरचा आंद्रेस होई, मोहम्मदचा मोंडो. त्यापेक्षा आजीचं माहेर धरा. स्पॅनिश रीतीत आईवडील दोघांची आडनावं लागतात, त्यामुळे ती लवकर सापडते. एकीचं लग्न झालं की तिच्या बहिणींची लग्नं नवऱ्याच्या शेतातल्या भागीदारांशी जुळत. म्हणून एका माहेरातून तीन-चार घरं हाती लागू शकतात.

मग जनगणना. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर 1920 ते 1950 चे तक्ते फुकट बघता येतात. नावं 72 वर्षं बंद असतात, त्यामुळे 1950 चे 2022 मध्ये खुले झाले. वंशाच्या रकान्यात शीख असो वा मुसलमान, ‘हिंदू’च लिहिलेलं दिसेल. 1930 मध्ये बायको ‘मेक्सिकन’ आणि 1940 मध्ये तीच ‘गोरी’ असेल, तर ती दोन कुटुंबं समजू नका. मेक्सिकन हा वेगळा वंश फक्त त्या एका खेपेला मोजला होता.

लग्नाचा परवाना काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत मिळतो. गोऱ्या-बिगरगोऱ्यांच्या लग्नाला कॅलिफोर्नियात 1948 पर्यंत बंदी होती. दोघं सारख्याच रंगाची दिसली तर कारकून परवाना देई. इथे नोंद नसेल तर शेजारच्या काउंट्या, ॲरिझोना, न्यू मेक्सिको धुंडाळा.

पण खरा खजिना कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे. मुलाच्या नावावरच थांबू नका, धर्मपित्याचा, म्हणजे बाप्तिस्म्यात मुलाचा मानलेला बाप होणाऱ्याचा, रकाना वाचा. तिथे चक्क दुसरा सिंग किंवा खान बसलेला असतो! तो बहुधा बापाचा भागीदार. अशी दहा-बारा नावं उतरवून घेतलीत की कोण कुणाबरोबर शेती करत होतं ते आपोआप उलगडतं. बायकांनी आपली नात्याची रीत या माणसांवर पांघरली आणि त्यांनी ती मुकाट पांघरून घेतली. मला तर सरकारी कागदांपेक्षा या वहीवर जास्त भरवसा.

जमिनीचे कागद आजोबांच्या नावाने शोधलेत तर हात हलवत परत याल. नागरिक होऊ न शकणाऱ्या परक्यांना जमीन घ्यायला मनाई करणारा 1913 चा परकीय जमीन कायदा 1920 मध्ये आणखी आवळला, आणि 1923 च्या भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारल्यावर तो फास पक्का बसला. मुलं मात्र जन्माने अमेरिकन. तेव्हा खरेदीखत पोराच्या नावावर असेल, बाप न्यायालयाकडून त्याचा पालक नेमलेला. त्यासाठी पालकत्वाच्या फायली मागा. कधी जमीन ओळखीच्या गोऱ्याच्या नावावरही निघते. 1946 नंतर नागरिकत्व मिळू लागलं, तिथपासूनचे कागद सरळ आहेत.

याच खोऱ्यातल्या वेस्टमोरलंडचे दलीपसिंग सौंद 1956 मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. त्यांच्याबद्दल रग्गड छापलंय. पण बायको चेक घराण्यातली, त्यामुळे त्यांना नमुना धरू नका.

म्हाताऱ्या माणसांशी बोलाल तेव्हा पंजाबातल्या पहिल्या बायकोचा विषय त्यांनी काढल्याशिवाय तुम्ही काढू नका. आणि जायचं ते नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो. निघण्याआधी चर्चला फोन करा, वह्या मागितल्या म्हणजे लगेच मिळतीलच असं नाही.