सफरचंद घेताना या चुका टाळा

गणपतीच्या आधी हिमाचलचा नवा माल बाजारात उतरतो आणि अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक गाडीवर एकच प्रश्न ऐकू येतो, "गोड आहेत ना?" आंबा घेताना हापूस की पायरी हे आधी विचारणारे आपण, सफरचंदाची जात मात्र विचारत नाही. विचारायला हवी, कारण गोडी आणि टिकाऊपणा बराचसा जातीवर ठरतो.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे मुलखाच्या नावाला जात समजणं. 'शिमला' आणि 'किन्नौर' ही ठिकाणं आहेत. त्या पेट्यांत बहुतेक वेळा डिलिशियस कुळातलं रेड किंवा रॉयल असतं. लांबट आकार आणि बुडाशी पाच उंचवटे ही त्याची खूण. हे कूळ मूळचं अमेरिकेतलं. हिमाचलात स्थायिक झालेले अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास शिमल्याजवळ कोटगढला त्याची लागवड सुरू केली. काश्मीरची स्वतःची जुनी गोड जात म्हणजे अंबरी. ती सुवासिक आणि टिकाऊ, पण तयार होते सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात. ऑगस्टमध्ये कुणी 'ताजी अंबरी' म्हणून देऊ लागला तर घेऊ नका.

रंगावर जाऊ नका. महाराजी लालभडक असते, पण चवीला आंबट. उलट गोल्डन डिलिशियस पिवळं म्हणून गाडीवर पडून राहतं, आणि ते पूर्ण गोड असतं. त्यातलं गर्द हिरवं टाळा, पिवळसर झालेलं उचला. फळ हाताला जड आणि टणक लागलं पाहिजे.

कापल्यावर मध्ये काचेसारखा पाणेरी भाग दिसला की लोक फळ फेकून देतात. फार वाईट वाटतं. हा हापूसमधला साका, म्हणजे गराचा खराब झालेला भाग, नव्हे. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळात सॉर्बिटॉल या गोड घटकाचा रस पेशींच्या मधल्या जागेत साठतो, म्हणून तसं दिसतं. भाग तपकिरी नसेल आणि वास चांगला असेल, तर खुशाल खा. फक्त असं फळ साठवू नका, लवकर संपवा.

पिठूळपणाची तक्रार मात्र अनेकदा आपल्या घरातच तयार होते. डिलिशियस उकाड्यात लवकर मऊ पडतं. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेली फळं पाच-सात दिवस दमट हवेत लटकतात, ती करकरीत राहणार नाहीत. बांधायची वेगळी घ्या आणि खायची त्याच दिवशी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पालेभाजीजवळ नकोत, कारण सफरचंदातून सुटणाऱ्या एथिलीन वायूमुळे पानं पिवळी पडतात. केळ्यांजवळही ठेवू नका, ती लवकर पिकतात. पूजेची केळी कच्ची राहिली असतील तर मात्र त्यांच्यासोबत एक सफरचंद कागदी पिशवीत मुद्दाम ठेवा.

पिठूळ झालेली टाकू नका. साल काढून किसा, तुपावर परता आणि प्रसादाच्या शिऱ्यात घाला.