गोड्या पाण्यात गळ टाकायचाय? मग सामान उलट्या बाजूने निवडा

गळाने मासे पकडायचं ठरवलं की बहुतेक जण आधी रॉड बघतात, मग त्याला शोभेल असं रीळ, आणि गळ, लाईन, वजन वगैरे शेवटी हाताला लागेल ते. माझं म्हणणं, हे बरोबर उलटं करा. माशाच्या तोंडापासून सुरुवात करा आणि मग आपल्या मुठीपर्यंत या. माशाला तुमचा रॉड दिसत नाही, त्याला दिसतं आमिष, तोंडात लागतो तो गळ आणि तुमच्या-त्याच्या मधे असते फक्त एक लाईन आणि दोन-तीन गाठी.

पहिलं, कुठला मासा आणि तो कुठे खातो ते ठरवा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ आणि कॉमन कार्प तळाशी. मांगूरसारखे मिशाळ मासे तळाला वासावर येतात, तेही जास्त करून अंधार पडल्यावर. मरळ उथळ पाण्यात गवताच्या कडेला दबा धरून असतो. हे एकदा ठरलं की निम्मं सामान आपोआप ठरतं.

मग गळ. नंबरांचा घोळ आधी समजून घ्या: १०, ८, ६, ४ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होत जातो, १ नंतर मात्र १/०, २/०, ३/० असा चढत जातो आणि गळही वाढतो. गांडूळ किंवा कणकेच्या गोळीला ८ ते १२ नंबर, मोठ्या मिशाळ माशाला १/० च्या पुढे. गळ आमिषाच्या मापाने घ्यायचा, स्वप्नातल्या माशाच्या मापाने नाही, कारण छोट्या गोळीत मोठा गळ खुपसला की मासा तोंडात घेतो आणि लगेच थुंकतो. धार बघायची असेल तर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा, घसरलं तर बोथट, अडकलं तर चांगला. सर्कल गळ, म्हणजे टोक आत वळलेला गोलसर गळ, वापरत असाल तर हिसका अजिबात द्यायचा नाही, नुसतं सावकाश रीळ फिरवायचं, तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो आणि मासा सोडून द्यायचा असेल तर त्याला इजाही कमी होते.

आता लाईन. नवीन असाल तर तंगूस घ्या, म्हणजे साधी नायलॉन मोनो, ८ पौंडी, म्हणजे साधारण तेवढ्या ओढीला तुटणारी. ती ताणली जाते, त्यामुळे माशाने अचानक धक्का मारला तरी सांभाळून घेते आणि गाठही चांगली धरते. ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली लाईन, त्याच ताकदीला खूप बारीक असते आणि अजिबात ताणत नाही, हलकासा स्पर्शही हाताला कळतो, पण दगडावर घासली की पटकन तुटते आणि नुसती गुंडाळली तर स्पूलवर, म्हणजे रिळाच्या लाईन गुंडाळायच्या भागावर, घसरत राहते म्हणून खाली आधी थोडी मोनो गुंडाळावी लागते. फ्लोरोकार्बन बुडते, घासायला टणक असते आणि पाण्यात कमी दिसते, ती शेवटच्या तुकड्याला, म्हणजे लीडरला ठेवा.

रॉडवर फार लिहीत नाही. काठावरून सगळ्या कामाला ६ ते ७ फुटी मीडियम रॉड पुरतो, मुठीच्या वर किती पौंडी लाईन आणि किती वजन चालेल ते छापलेलं असतं, तेवढं वाचा. रीळ २५०० किंवा ३००० साईजचं स्पिनिंग. बेअरिंग किती आहेत त्यावर जाऊ नका, ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की लाईन सोडणारा रिळाचा ब्रेक, झटके न खाता एकसारखा सुटतो का ते बघा. ड्रॅग लावायचा लाईनच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश, म्हणजे ८ पौंडीला साधारण एक किलो, लाईन छोट्या वजनकाट्याला बांधून ओढली की कळतं. स्पूल काठापासून दोन-तीन मिलिमीटर खालपर्यंतच भरा, जास्त भरलात तर फेकताना वेटोळी बाहेर पडून गुंता ठरलेलाच.

रिग, म्हणजे लाईनवर गळ-वजन लावायच्या मांडण्या, खूप आहेत, पण दोन नीट आल्या तरी बराच काळ पुरतात.

फ्लोट रिग: फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, त्याच्या खाली मुख्य वजन आणि गळाच्या वर १५-२० सेंटिमीटरवर एक बारीक मणी, म्हणजे लाईनवर घट्ट बसवलेलं छोटं वजन. वजन एवढं लावा की फ्लोटचं फक्त टोक पाण्याबाहेर राहील, लठ्ठ फ्लोट अर्धा वर तरंगत असला की माशाला त्याचा जोर जाणवतो आणि तो आमिष सोडतो. खोली मोजायला गळालाच एक वजन टांगून टाका, फ्लोट बुडला तर खोली वाढवा, आडवा पडला तर कमी करा. तळाशी खाणाऱ्या माशासाठी तो बारीक मणी तळाला टेकेल असं ठेवा, मासा आमिष उचलतो तेव्हा मणी वर येतो आणि फ्लोट बुडायच्या ऐवजी वर उठतो किंवा आडवा होतो. हाच क्षण हिसक्याचा, पण नवखे लोक तो बुडायची वाट बघत बसतात.

तळाची सरकती रिग: मेन लाईनमधे भोकाचं वजन ओवा, मग एक साधा ओवायचा मणी, म्हणजे वजन गाठीवर आपटणार नाही, मग स्विव्हल, म्हणजे दोन कड्यांची फिरती जोडणी, बांधा, स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ३० ते ४५ सेंटिमीटर लीडर आणि टोकाला गळ. मासा ओढतो तेव्हा लाईन वजनातून सरकते, त्याला वजन लगेच लागत नाही. लीडर मेन लाईनपेक्षा थोडा कमी ताकदीचा ठेवा, गळ अडकला तर तेवढाच तुटेल. अडचणीच्या तळाला वजन वेगळ्या कमजोर तुकड्यावर टांगा, म्हणजे वजन जाईल पण मासा राहील.

गाठ मात्र घाईत बांधू नका. मोनोला क्लिंच, ब्रेडला पालोमार, आणि दोन्हीत आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच कमजोर होतं. मग हाताने चांगली ओढून बघा, तुटायची असेल तर इथेच तुटू दे.

शिशाबद्दल एक सांगायलाच हवं. हरवलेले शिशाचे मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात, ब्रिटनमधे म्हणूनच १९८७ पासून लहान शिशाच्या वजनांवर बंदी आली. टंगस्टन किंवा स्टीलचं वजन मिळत असेल तर तेच घ्या.

आणि कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, त्यामुळे वर विजेची तार असेल तिथे उभं राहू नका, आकाश गडगडायला लागलं की रॉड खाली ठेवून बाजूला व्हा. पिशवीत चिमटा, कात्री आणि जाळी हवीच, मासा ओल्या हाताने धरा, आणि कापलेली लाईन काठावर न टाकता खिशात घाला, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.