पानशेतच्या पुराचे घरातले कागद शोधायचे आणि जपायचे कसे

१२ जुलै १९६१ला सकाळी पानशेत धरण फुटलं, दुपारी खडकवासला, आणि पुण्यात पूर आला. त्याचे फोटो पुण्यात पुष्कळांनी जपलेत. पण त्यानंतर माणसं पुन्हा कशी उभी राहिली, त्याचे कागद मात्र दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. मला त्याची फार हळहळ वाटते. पुरानंतर आमच्या सासूबाई नारायण पेठेतल्या वाड्यातून लोकमान्यनगरला आल्या. तो सगळा प्रवास फोटोंतून नाही, पावत्यांतून कळला. म्हणून सुरुवात पावत्यांपासून करा.

काय शोधायचं? पूरग्रस्त म्हणून मिळालेला दाखला, घर वाटपाचं पत्र, कर्जाच्या आणि भाड्याच्या पावत्या, मदतीत मिळालेल्या धान्य-कपड्यांची नोंद. हे सहसा जुन्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या पिशवीत किंवा देवघराखालच्या खणात असतं. घरात नसेल तर पुरानंतर जिथे घर मिळालं त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठा आणि सभासदांचं आय रजिस्टर, पहिल्या काही वर्षांची इतिवृत्तं पाहू द्या म्हणा. जुनं घर कुणाच्या नावावर होतं ते नगर भूमापन कार्यालयातल्या मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, सापडतं. त्यासाठी पेठ आणि सिटी सर्व्हे नंबर लागतो. नुसतं वाड्याचं नाव सांगून तिथे काम होत नाही.

कागद सापडला की लगेच उलगडू नका. पुरातून वाचलेल्या कागदाच्या घडीत अजून चिखलाची बारीक पूड असते. गच्चीत सावलीत, तोंडाला मास्क लावून, दाढीच्या मऊ ब्रशने ती मधून कडेकडे झाडा. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही. टाचणी आणि कागद यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ तुकडा सरकवायचा आणि मग ती अलगद सोडवायची. चिकटलेली पानं तशीच राहू द्या. सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण एकदा केलं की कागद परत मोकळा होत नाही. खिडकीजवळच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या कोऱ्या बाजूला कुणीतरी हिशेब मांडलेला असतो, आणि कित्येकदा तोच मोलाचा निघतो. मागे पेन्सिलीने हलकेच लिहा: कुणाचा, कुठे सापडला, कधी.

आता माणसं. नव्वदीच्या आसपासची जी मंडळी आहेत, त्यांच्याकडे आधी जा, कागद थांबतील. 'पूर कसा होता?' असं विचारलं की पेपरात वाचलेलंच ऐकायला मिळतं. त्याऐवजी विचारा: घरातून निघताना हातात काय घेतलंत? रात्री कुणाकडे टेकलात? पाणी कुठून भरलंत? धरणच रिकामं झाल्यावर नळ कोरडे पडले आणि शहराला जुन्या विहिरी, हौद उपसावे लागले. या एका प्रश्नावर सासूबाई तासभर बोलल्या. आठवण आणि कागद जुळले नाहीत तर दोन्ही लिहून ठेवा, आजींना दुरुस्त करू नका.

घरच्या गोष्टीला शहराची जोड द्यायची असेल तर त्या महिन्यांतले 'सकाळ' आणि 'केसरी'चे अंक ग्रंथालयात बसून वाचा. बातम्यांइतक्याच जाहिराती आणि निवेदनंही बघा. चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक आयोग नेमला गेला. धरणाचं काय झालं ते आयोगाच्या अहवालात आहे, पण गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या घरांच्या अर्धगोल छपराखाली पहिला पावसाळा कसा गेला, ते तुमच्याच घरात सापडणार.

आणि हे जुन्याच पुरापुरतं नाही. जुलै २०२४मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा कपाटंच्या कपाटं भिजली. ओल्या कागदांना ऊन किंवा इस्त्री दाखवू नका. टिपकागद मध्ये घालून पंख्याखाली सुकवा. एका दिवसात उरकणार नसेल, तर थोडे थोडे गठ्ठे पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही, मग सवडीने एकेक काढता येतो. शाईने लिहिलेलं पान पाण्याखाली धरू नका.